डावा गुडघा राहिला

गिरजे, आपण दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते चिंच फोडायचं. तू खुर्चीवर, मी खाली फरशीवर. तुझा उजवा गुडघा बदलल्यापासून घरातली खाली बसायची सगळी कामं माझ्याकडं आलती. मी दगडानं चिंच ठेचायचो, टरफल काढायचो, शिरा ओढायचो, चिंचोके पाडायचो आणि ताट तुझ्या मांडीवर द्यायचो. तू मीठ लावून गोळे वळायचीस. वळताना माझ्या हातून राहिलेला चिंचोका बोटाला लागला की तू तो माझ्यासमोर फरशीवर टाकायचीस. टक्. तोंडानं काही बोलायची नाहीस.

तिसरा का चौथा चिंचोका पडल्यावर मी म्हणलं, "तोंड हाय ना तुला?"

"इतके बाजार केले, तरी तुमाला चिंच कळली न्हाई," तू म्हणालीस.

"मला इकायची कळती. खायची गिऱ्हाईकाला कळती."

"गिऱ्हाईकाचा दात पडला की मंग तो बी तुमालाच दाखवाया येतंय."

हसलीस आणि हसता हसता मागं टेकलीस. तुझं तोंड मला चुन्यासारखं दिसलं. मी विचारलं, चक्कर आली का. तू म्हणालीस, उपासाची हाय. शिवरात होऊन गेलती तरी तुझे उपास सरत नव्हते. मी विचारलं, पोट कसं हाय. तू म्हणालीस, "काळंच होतंय. लोहाच्या गोळीचं हाय."

"काळंच व्हायचं," मी म्हणलं. "डॉक्टरनं सांगितलंय."

अगदी डॉक्टरसारखं म्हणलं. मग तू पाणी पिऊन येते म्हणून उठलीस.

मन्मथ म्हणाला, पेपरात आईचा फोटो देऊ, खाली दुःखद निधन आणि सगळ्यांची नावं. मी म्हणलं, दे. त्यात तुझं वय येईल, गाव येईल, आणि मी शोकाकुल म्हणून येईन. त्या शब्दात माझा राग मावत नाही. मी चौथी शिकलेला माणूस, पाटीवर भाव लिहिण्यापुरतं लिहिलं जन्मभर. पण तुझ्याशी भांडण अर्धं राहिलंय. घरात एकटा बोलायलो की सून मन्मथला डोळ्यानं खुणावती. म्हणून लिहितो. पोराची आई होतीस, ते पोरगं लिहील. मी माझं लिहितो.

तुझे गुडघे बाजारानं खाल्ले. आज राणीसावरगाव, उद्या गंगाखेड, परवा आणखी कुठं. पोत्यावर मांडी घालून सकाळपासून दिवस मावळेस्तोवर बसायचं, मिरची मोजायची, हळद मोजायची, चिंच मोजायची. उठायचं ते टेम्पोत पोती टाकायला. मी उभ्यानं बोंबलायचो, तू बसून मोजायचीस. माझे पाय शाबूत राहिले, तुझे गेले. ही वाटणी कुणी केली होती? मीच केलती. तुला बसवलं म्हणजे तुला आराम दिला, असं मला वाटायचं.

आणि बाजाराआधी तुझी पूजा. अंघोळ झाली की भिंतीकडं तोंड करून तू मांडी घालायचीस, गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घ्यायचीस, डबीतलं भस्म बोटांनी कपाळाला लावायचीस. माझं लिंग खुंटीला. बाजारात घाम लागतो म्हणून एकदा काढलं ते तिथंच राहिलं. तू त्यावरून मला कधी टाकून बोलली नाहीस. फक्त खुंटीवरली धूळ पुसताना माझ्याकडं बघायचीस.

आधी एक पाय लांब करून पूजा सुरू झाली. मग खाटंच्या काठावर बसून. खाटंवर बसायला लागलीस त्या दिवशी तू जेवली नाहीस. मी विचारलं काय झालं, तर म्हणालीस, "काय न्हाई. पाहुन्यावानी वाटलं."

तेव्हा आपण परभणीला त्या गुडघ्याच्या डॉक्टरकडं गेलो. तू त्याला गुडघा दाखवायच्या आधीच विचारलंस, "रगत लागंल का?"

तो म्हणाला, "बहुतेक नाही लागणार."

"बहुतेक म्हंजी? मला कोनाचं रगत नगं. कोन काय खातंय, काय पितंय, काय ठाव."

मला लाज वाटली. मी डॉक्टरला म्हणलं, "साहेब, ही मेथीची जुडी बी तीन पान्यानं धुती. रगत कसं धुवावं, तेवढं हिला सांगा."

डॉक्टर हसला, पण तुला त्यानं उडवून लावलं नाही. कागदावर गुडघा काढला. म्हणाला, "मावशी, हाड कापलं की रक्त जाणारच. किती जाऊ द्यायचं, ते बरंचसं आपल्या हातात असतं. आणि ते काम आज इथून सुरू होतं." तुझं रक्त आधीच कमी होतं. लोहाच्या गोळ्या घ्या, पोटभर जेवा, उपास बंद. रक्त वाढल्याशिवाय मी ऑपरेशनला हात लावत नाही, म्हणाला. दुखायच्या गोळ्या खात असाल तर त्या बंद, त्यानं रक्त लवकर थांबत नाही आणि पोटही सोलून निघतं. ऑपरेशनच्या वेळी मांडीला पट्टा आवळायचा. सलाईनमधून एक औषध द्यायचं. कापलेल्या जागी रक्ताची जी गुठळी धरते, ती हे औषध विरघळू देत नाही, म्हणून झिरपणं कमी होतं. टाके घालायच्या आधी तेच औषध गुडघ्यातही सोडायचं. एवढं सगळं केलं की दुसऱ्याचं रक्त लावायची पाळी सहसा येत नाही.

"पण मी शब्द देत नाही," तो शेवटी म्हणाला.

तेवढं सोडून तू सगळं ऐकलंस. घरी येऊन सुनेला सांगितलंस, डॉक्टरनं शब्द दिलाय.

दुसरी गोष्ट तू विचारलीस ती मांडीची. मांडी घालता येईल का? तो म्हणाला, चालाल, जिना चढाल, पण मांडी घालून खाली बसायचं सोडून द्या, आता खुर्ची. गंगाखेडच्या गाडीची वाट बघत बाकड्यावर बसलो, तेव्हा तू विचारलंस.

"मंग मेल्यावर मला कसं बसवताल?"

आपल्या लिंगायतांत माणूस गेलं की जाळत नाहीत आणि आडवंही पुरत नाहीत. मांडी घालून बसवायचं, तळहातावर त्याचं लिंग ठेवायचं, आणि तसंच बसलेलं मातीत द्यायचं. तुझ्या सासूला तसंच बसवलं, तुझ्या आईला तसंच. तुला त्याची काळजी लागली. मला वाटलं, बाईला जित्याजागी कळा येतात त्याचं काही नाही, आणि मेल्यावरची चिंता करायली.

"मेल्यावर दुखतंय का?" मी म्हणलं.

"दुखत न्हाई. पन वाकाया तर पायजे."

"तवाचं तवा बघू."

"तवा बघाया मी नसन. तुमालाच बघावं लागंल."

मी हसलो. बाजूचा एक माणूसही हसला. तू पदर ओढून दुसरीकडं तोंड केलंस.

लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या आणि पोटातून काळं जायला लागलं तेव्हा तू घाबरलीस. मन्मथनं डॉक्टरला फोन लावला. डॉक्टर म्हणाला, या गोळ्यांनी काळं होतंच, घाबरू नका. गिरजे, त्या डॉक्टरनं आपल्याला शंभर गोष्टी सांगितल्या असतील. आपण दोघांनी मिळून तेवढं एक वाक्य पाठ केलं.

त्या वेळी मात्र तू सगळं ऐकलंस. गोळ्या घेतल्यास, सोमवारचे उपास सोडलेस, नाचणीची भाकर नाक मुरडत खाल्लीस, दुखायच्या गोळ्या माझ्यादेखत उकिरड्यावर टाकल्यास. रक्त वाढलं. ऑपरेशन झालं. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाला, रक्त फार गेलं नाही, बाटली लागली नाही. तुला बाहेर आणलं तेव्हा तुझी जीभ जड होती. तरी पहिलं विचारलंस, "कोनाची बाटली लावली का?"

"न्हाई."

"खरं?"

"तुझ्या महादेवाची आन."

मग झोपलीस. त्यानंतर जो बघायला आला त्याला तू गुडघा दाखवायच्या आधी तेच सांगायचीस, की एक थेंब घेतला नाही. सुनेच्या आईला तर एका बैठकीत तीनदा सांगितलंस. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "व्हय बाई, तुमचं रगत तुमच्यापाशीच हाय." तुला ते टोमणा आहे हे कळलंच नाही. खूश झालीस.

ते वर्ष बरं गेलं. तू काठीशिवाय देवळापर्यंत जायला लागलीस. ओढ्याकाठच्या आपल्या चिंचेखाली खुर्ची टाकून झोडपणीवर देखरेख केलीस, गड्यांना शिव्या घातल्यास. खुर्चीवरची पूजाही हळूहळू तुझ्या अंगवळणी पडली. ते वर्ष मी त्या डॉक्टरच्या नावावर लिहितो. माझा सगळ्यांवर राग आहे, पण ते त्याच्याच नावावर जातं.

मग डावा गुडघा. उजवा लोखंडाचा झाला तसा सगळा भार तो डाव्यावर टाकतोय असं तू म्हणायचीस, जसा काही नवा गडी जुन्यावर काम ढकलतो. डावा करून घ्यायची घाई तुलाच झालती. परत परभणी, परत तपासणी. या वेळी लोहाच्या गोळ्या खाऊनही रक्त वाढलं नव्हतं. उलट उतरलं होतं.

डॉक्टरनं तुला विचारलं, "दुखायच्या गोळ्या घेता का, मावशी?"

"एक बी न्हाई."

त्यानं मला विचारलं. मी म्हणलं, "घरात गोळी न्हाई, साहेब. असती तर मला दिसली नसती का?"

त्याला पटलं नसावं. म्हणाला, "ऑपरेशनमध्ये मी रक्त वाचवीन. पण आधीच ते कुठंतरी चाललंय. कुठं चाललंय ते बघितल्याशिवाय डावा गुडघा नाही." पोटाच्या डॉक्टरकडं जा, ते दुर्बीण घालून बघतील, असं सांगून चिठ्ठी दिली.

बाहेर आल्यावर तू म्हणालीस, "गुडघ्याचा डॉक्टर हाय, पोटात कामून शिरायलाय?"

मी इतका हसलो की मला ठसका लागला. ते वाक्य मी पुढल्या बाजारात चार जणांना सांगितलं. चौघंही हसले. शिवरात होऊ द्या, मग पोट दाखवू, असं तू म्हणालीस आणि मी मान डोलावली. हसण्यात दिवस गेले, गिरजे. तुझं रक्त चाललं होतं आणि आपण हसायलो होतो.

शिवरातीला तू दिवसभर निर्जळी राहिलीस. देवळाला फेऱ्या घातल्यास. मी कट्ट्यावर बसून बघत होतो, डावा पाय जमिनीला बरोबर टेकत होता. "आज गुडघा बरा हाय का?" मी विचारलं. "बरा हाय," तू म्हणालीस. बरा कसा काय हाय, ते मी विचारलं नाही. मला वाटलं, देवाच्या दारात बायांना बळ येतं.

तर चिंच फोडायच्या त्या दिवशी तू पाणी प्यायला उठलीस आणि माठाजवळ पडलीस. मी हातातला दगड टाकून आलो. तुझ्या तोंडातून चहाच्या चोथ्यासारखं काळं आलं आणि मग लाल. चिंचेचं ताट उलटं पडलं होतं. जीपमध्ये तुझं डोकं माझ्या मांडीवर होतं. गंगाखेडला दवाखान्यात त्यांनी हात लावला आणि परभणीला न्या म्हणाले.

तिथं एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं पहिलं विचारलं, दुखायच्या गोळ्या किती दिवसांपासून चालू आहेत. मी तिच्यावर ओरडलो. म्हणलं, "बंद हायत म्हणून सांगितलं ना. एकच गोष्ट सगळ्यांनी किती बार इचारायची?" ती चिडली नाही. म्हणाली, पोटात जखम आहे, त्यातून रक्त चाललंय आणि ते आजचं नाही. काळं जात नव्हतं का?

"ते गोळीचं," मी म्हणलं. बोललो आणि तिच्या तोंडाकडं बघितलं.

रक्त लगेच लावायचं होतं. सही माझी पाहिजे होती. पेन हातात घेतलं आणि मला तुझी ती मेथीची जुडी आठवली. उशीर केला नाही मी. सही केली. तू समोर उभी राहून नगं म्हणाली असतीस तरी केली असती, एवढं लिहून ठेवतो. बाही वर करून मी म्हणलं, माझं घ्या. ती म्हणाली, "बाबा, तुमचं वय झालं. तुमचं घेता येत नाही." मन्मथनं दिलं, पण ते त्यांच्या साठ्यात गेलं. साठ्यातून जी पिशवी आली ती दुसऱ्याच कुणाची होती.

ती पिशवी अर्धी झाल्यावर तू डोळे उघडलेस. मला बघितलंस, मग वर बघितलंस.

"कोनाचं हाय?"

"माझं."

"तुमचं?" तू परत नळीकडं बघितलंस. "मंग आता मी बी तिरसट व्हनार."

"हो की. आता बाजारात उभी राहून तू बोंबल, मी बसून मोजतो."

तुझे ओठ हलले. हसलीस का ते मला नीट कळलं नाही. मग म्हणालीस, "चिंचेला मीठ कमी पडलंय. वरून लावा."

तेवढंच. दुसऱ्या दिवशी दुपारी तू गेलीस. दुसरी पिशवी वर टांगलेलीच होती, संपली नव्हती. नळीतलं लाल तसंच थांबलं.

गिरजे, ते माझं नव्हतं. कुणाचं होतं, मला ठाऊक नाही. पिशवीवर माणसाचं नाव लिहीत नाहीत. तो काय खातो, काय पितो, कोणत्या देवाला जातो, त्यानं काय कळा सोसून ते दिलं, मला काही सांगता यायचं नाही. तुझ्या तोंडून शेवटची दोन बोलणी निघाली ती त्याच्या रक्तावर निघाली. तू त्याला नावं ठेवायची नाहीस. मला ठेव. मला सवय आहे.

आणि आता तुझं सांगतो.

घरी आणल्यावर तुला अंघोळ घातली. विधीला स्वामी आले. त्यांनी भस्म मागितलं. मन्मथनं तुझी पूजेची परडी आणली, स्वामींनी डबी उघडून ताटात उपडी केली. भस्माबरोबर गोळ्यांची पाकिटं पडली. लाल गोळ्या. काही भरलेली, काही रिकामी, नीट घडी घालून ठेवलेली. भस्मानं पांढरी झालेली. मन्मथनं एक पाकीट उचललं, बोटानं पुसून नाव वाचलं, दुखायच्या हायत म्हणाला आणि माझ्याकडं बघितलं. स्वामींनी पाकिटं बाजूला सारली आणि भस्म गोळा करायला लागले.

सगळ्या घरात मी न उघडणारी एकच डबी होती. तू तीच बघितलीस. पिठाच्या डब्यात ठेवलं असतंस तर मला सापडलं असतं, साड्यांच्या घडीत ठेवलं असतंस तर सापडलं असतं. गोळी देणाऱ्याला मी काय बोलू? तू मागितली, त्यानं दिली. मी बी मागंल त्याला मिरची देतो, पोटाची तक्रार हाय का म्हणून इचारत नाही. पण रोज सकाळी त्या डबीत बोटं घालून तू कपाळाला भस्म लावलंस, गोळी उपाशी पोटात टाकलीस, आणि डॉक्टरसमोर बसून एक बी न्हाई म्हणालीस. तुझा महादेव रोज तळहातावर होता. त्यानं बघितलं आणि तो पण गप बसला.

कामून केलंस ते मला कळतं. गोळी खाते म्हणालीस तर डॉक्टर तारीख पुढं ढकलील, अशी तुला भीती. तुला डावा गुडघा करून घ्यायचा होता, म्हणून गोळ्या लपवल्यास. त्या गोळ्यांनीच तो राहिला. माझ्या कानात नुसतं सांगितलं असतंस. मी शिव्या दिल्या असत्या, दोन दिवस बोललो नसतो, आणि तिसऱ्या दिवशी पोटाच्या डॉक्टरकडं घेऊन गेलो असतो. माझा राग तुला इतका जड होता का? याचं उत्तर तू कधी देणार?

मग तुला बसवायची वेळ आली.

माझा चुलतभाऊ शिवलिंग पुढं झाला. असल्या कामात तो पुढं असतो. म्हणाला, "उजवा आधी बघा. लोखंडाचा हाय तो, वाकायचा न्हाई." उजव्याला हात लावला तर तो वाकला. अलगद वाकला, लहान लेकराचा वाकावा तसा. डॉक्टरनं मांडी नको म्हणलेला गुडघा मांडी घालून बसला. आणि डावा, तुझ्या आईनं दिलेला, तो लाकडासारखा ताठ राहिला. अर्ध्यात आला आणि थांबला.

शिवलिंगनं गुडघ्यावर दोन्ही हात ठेवले आणि जोर लावायला लागला. आत काहीतरी वाजलं.

"हात काढ," मी म्हणलं.

"अरे, बसवाया तर लागंल. आता काय तिला दुखतंय का?"

तेच वाक्य. स्टँडवर मी बोललो होतो ते. त्यानं ते कुठून ऐकलं नव्हतं, पण मला वाटलं, माझ्या तोंडातलं काढून त्यानं माझ्यासमोर फरशीवर टाकलं.

"हात काढ म्हणलं ना. तिला दुखत असंल नसंल, तू हात काढ."

"पद्धत हाय आपली."

"पद्धत तुझ्या गुडघ्याला लाव."

बाया रडायच्या थांबल्या. मन्मथनं माझा दंड धरला. स्वामी म्हातारे आहेत, कमी बोलतात. त्यांनी तुझ्या डाव्या पायाकडं बघितलं आणि खड्डा खांदायला गेलेल्या पोरांना निरोप दिला, की डाव्या बाजूला हातभर जास्त खांदा, पाय लांब राहणार आहे. शिवलिंग उठून बाहेर गेला. अजून बोलत नाही माझ्याशी. नाही बोलला तरी चालंल.

तर तुला तसं बसवलं. उजव्या पायाची मांडी, डावा पाय समोर लांब. खाटंवर जायच्या आधी तू पूजेला बसायचीस तसंच. तळहातावर लिंग ठेवलं, कपाळाला त्याच डबीतलं भस्म लावलं. मातीत उतरवल्यावर भस्म टाकलं, बेल टाकला, मीठ टाकलं. मीठ टाकणारा पोरगा हात आखडायला लागला तेव्हा मी म्हणलं, "कमी करू नगंस. सगळं टाक."

तू विचारलं होतंस, कसं बसवताल. मी म्हणलं होतं, तवाचं तवा बघू. बघितलं. यापेक्षा बरं मला जमलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो, अंघोळ केली. खुंटीवरलं लिंग काढलं, हातात धरलं, तुझ्या भिंतीकडं तोंड करून उभा राहिलो. पुढं काय म्हणायचं असतं ते मला ठाऊक नव्हतं. आता शिकून कुणाला दाखवू? परत खुंटीला अडकवलं. जाता जाता खुंटीवरली धूळ पुसली.

सुनेनं चिंच गोळा करून फडक्याखाली झाकून ठेवली होती. मी ती ओढ्याकडच्या दाराजवळ, उजेडात आणली. दगड शोधला. मन्मथ तुझी खुर्ची घेऊन आला. म्हणाला, "बापू, खाली नका बसू. हिच्यावर बसा."

"ती राहू दे तिथंच," मी म्हणलं. त्यानं ती समोर ठेवली.

मी खाली बसलो. मांडी घातली. दोन्ही गुडघे वाकले, कळ आली नाही. कुठं तरी जरा दुखावं म्हणून मी तसाच बसून राहिलो, पण नाही दुखलं. मग चिंच ठेचली, टरफल काढलं, शिरा ओढल्या. ताट मांडीवर घेऊन मीठ लावलं आणि पहिला गोळा वळायला घेतला. बोटाला चिंचोका लागला. काढला आणि समोर खुर्चीच्या पायाशी टाकला.